वय 19, लग्न झालेलं नाही. अंगावरून दह्यासारखं पांढरं जातंय, खूप खाज आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे एकटीने गेलं तर चालेल का? घरी कसं सांगू?

चालेल. उद्याच जा. तुझ्या वयात डॉक्टरकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही. घरी काय सांगायचं ते बरी झाल्यावर ठरव.

असं फुटक्या दह्यासारखं जाणं आणि खाज म्हणजे बहुतेक वेळा बुरशी, कॅन्डिडा. तिचा लग्नाशी काडीचा संबंध नाही. मला ती टायफॉइडच्या अँटिबायोटिक्सनंतर झाली. मी तेव्हा कॉलेजसाठी साताऱ्याला आत्याकडे राहायचे. आत्याचं निदान ठरलेलं, "उष्णता झालीय." मग सब्जा, गुलकंद, तांदळाचं धुवण आणि वर तुरटीच्या पाण्याने धुणं. तुरटीने इतकी आग व्हायची की लघवीला जायची भीती वाटायची. नंतर तिने मेडिकलमधून खरजेची ट्यूब आणली. त्यात स्टेरॉइड होतं. जरा बरं वाटलं आणि मग दुपटीने उसळलं. डॉक्टरचं नाव काढलं की एकच, "त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कुणी बघितलं तर?"

शेवटी कॉलेज सुटल्यावर परस्पर गेले. बाकावर सगळ्या पोटुशी बायका नि त्यांच्या सासवा. काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांदेखत विचारलं, "पेशंट कोण? मिस्टर आलेत का?" म्हटलं, पेशंट मीच. डॉक्टरबाईंनी मात्र पडदा ओढून हळू आवाजात विचारलं, "संबंध आलेत का? तपासायचं कसं ते त्यावर ठरतं, म्हणून विचारते." मी नाही म्हटल्यावर त्यांनी आत काहीच घातलं नाही. बाहेरून पाहिलं, कापसाच्या काडीवर स्राव घेतला, फ्लुकोनॅझोल 150 ची एक गोळी नि क्लोट्रिमॅझोलची क्रीम दिली. संपलं. एवढ्यासाठी मी रात्र रात्र जागत होते.

आत्या अजून म्हणते, "आमच्या वेळी सगळ्यांनाच असायचं." असायचंच! डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासल्या, ते 1989 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. बाकीच्यांनी अंगावरच काढलं. आत्याची कंबर आयुष्यभर दुखली, ती पांढरं जाण्यानेच हे तिने स्वतःच ठरवलं, आणि एकदाही कुणाला दाखवलं नाही. याला सोसणं म्हणून मान देणं मला जमत नाही.

माझी गोळी वाचून तू परस्पर घेऊ नकोस. राखाडी स्राव नि मासळीसारखा वास किंवा हिरवट-पिवळा फेसाळ स्राव असेल तर औषध वेगळं, आणि त्यातल्या एका प्रकारात जोडीदारालाही घ्यावं लागतं. म्हणून संबंध आले असतील तर डॉक्टरला स्पष्ट सांग. पाळी चुकली असेल तर तेही, कारण गरोदरपणात ही गोळी टाळतात. ओटीपोट दुखत असेल, ताप असेल तर उद्यावरही ढकलू नकोस. पैशांची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये केसपेपर काढताना मैत्री क्लिनिक विचार, ते 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठीच असतं. आणि जाण्याआधी आतून धुऊ नकोस, क्रीम लावू नकोस, नाहीतर नमुना नीट मिळत नाही.