वाचकांचे प्रश्न : गेइशा, मायको आणि रंगमंचावर होणाऱ्या चुका

प्रश्न : आमच्या मंडळाच्या एकांकिकेत सोळा वर्षांच्या मायकोची भूमिका आहे. इंटरनेटवरचे फोटो बघून वेशभूषा केली, पण काहीतरी खटकतं. सोबत तालमीतला फोटो पाठवते आहे. — एक वाचिका, फोंडा

उत्तर : ताई, गेइशा म्हणजे नाच-गाणं आणि गप्पांनी मैफल रंगवणारी जपानी कलाकार, आणि मायको म्हणजे क्योतो शहरातली शिकाऊ गेइशा. तिचा वेश म्हणून फोटोत तीन चुका दिसतात. पहिली किमोनोची. त्याची डावी बाजू नेहमी उजव्या बाजूच्या वर यायला हवी. तुमच्या मुलीने उलट नेसला आहे, आणि जपानात तसा फक्त मृतदेहाला नेसवतात. (फोटो सेल्फीचा असेल तर तो आरशासारखा उलटा आलेला असू शकतो, एवढं तपासून घ्या.) दुसरी चूक म्हणजे ओबी, कमरेचा रुंद पट्टा, पुढे बांधला आहे. तिसरी, डोक्याभोवती केसांत खोवायच्या लांब काट्यांचं कडं उभं केलंय. पुढची गाठ आणि काट्यांचं ते कडं ही ओइरानची ओळख, म्हणजे जुन्या टोकियोतल्या योशिवारा या वेश्यावस्तीतल्या वरच्या दर्जाच्या गणिकेची. मायको आणि ओइरान यांची सरमिसळ हीच सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. तिच्यामुळे तुमचं पात्र प्रेक्षकांसमोर वेगळ्याच धंद्यातलं ठरतं, म्हणून ती आधी सुधारा.

मायकोच्या ओबीला दारारी म्हणतात. तो पाच मीटरहून लांब असतो, पाठीवर बांधतात आणि त्याची दोन्ही टोकं घोट्यापर्यंत लोंबतात. खालच्या टोकाला तिच्या निवासघराचं चिन्ह असतं. घरच्या घरी करायचा तर साडेपाच मीटरची जड जरीची साडी घ्या आणि उभ्या चार घड्या घाला. सव्वा मीटरच्या आतबाहेरचा पन्हा असला की सुमारे तीस सेंटिमीटर रुंदी मिळते, जी हवी तीच. मऊ साडी मात्र पाठीवर ढेपाळते. आत बकरम घालून टाके घ्या. क्योतोत ओबी बांधण्याचं काम पुरुष करतात, कारण तो जड असतो आणि आवळायला जोर लागतो. तुमच्याकडे प्रवेशांच्या मध्ये वेळ नसेल तर पाठीचा भाग आधीच शिवून ठेवा आणि हुकांनी अडकवा.

आतली गळपट्टी लाल, भरतकामाची हवी. पांढरी झाली की ती मायको राहत नाही. खांद्यांवर आणि बाह्यांवर कापड दुमडून टीप घाला, वाढत्या मुलीच्या कपड्याला ठेवतात तशी. ही टीप बारकाईने बघणाऱ्याला लगेच कळते. दहा सेंटिमीटर उंचीचे ओकोबो, म्हणजे लाकडी खडावा, रस्त्यावरच्या प्रसंगातच घाला. खोलीतला प्रसंग असेल तर पायांत फक्त पांढरे मोजे.

आता चेहरा. आधी मेणाचा थर. बोटभर मेण तळहातांवर चोळून मऊ करतात आणि चेहरा, गळा, छाती व मानेवर अगदी पातळ पसरतात. मग पांढरी भुकटी पाण्यात कालवून चपट्या ब्रशने लावतात आणि स्पंजने थोपटून जास्तीचं पाणी टिपतात. केसांच्या कडेला कातडीची बारीक रेघ मोकळी सोडतात. मानेवर मागे न रंगवलेली दोन टोकं राहतात, आणि औपचारिक प्रसंगी काळ्या किमोनोवर तीन. डोळ्यांच्या कडेला आणि भुवयांत लाल रंग येतो; मायको जितकी नवखी, तितका लाल जास्त. पहिल्या वर्षी फक्त खालचा ओठ रंगवतात. ओठांचा हा पारंपरिक रंग करडईच्या फुलांपासून काढतात.

आपल्या दमट हवेत हे फसतं ते बहुधा मेणामुळे. थर जाड झाला की घामाबरोबर पांढरा रंग सरकतो आणि ओठांच्या कडेला भेगा पडतात. मेण कमी घ्या, आधी चेहऱ्यावर बर्फ फिरवा, आणि घाम आला तर पुसू नका, नुसता टिपा. बाजारातली सुटी पांढरी पूड कधीही वापरू नका. जपानात पूर्वी या रंगात शिसं असे आणि कलाकारांना त्याची विषबाधा होई. ओळखीच्या रंगभूषाकाराकडून पाण्यात कालवायचा पॅनकेक, म्हणजे रंगभूषेची वडी, घ्या.

प्रश्न : मायकोचं शिक्षण किती वर्षांचं असतं? — एक वाचक, डिचोली

उत्तर : क्योतोत पूर्ण तयार झालेल्या गेइशाला गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला मायको. माध्यमिक शाळा संपली की पंधराव्या वर्षी मुलगी ओकियात, म्हणजे निवासघरात, येते. साधारण वर्षभर ती शिकोमी असते : घरकाम, नृत्याचे धडे आणि क्योतोची खास बोली. नृत्यात पास झाली की महिनाभर मिनाराइ. या काळात ती आखूड ओबी बांधून चहाघरात, म्हणजे गेइको पाहुण्यांची मैफल रंगवतात तिथे, बसते आणि बघून शिकते. मग मिसेदाशी, म्हणजे पहिलं पदार्पण. ते होण्याआधी थोरल्या 'बहिणी'बरोबर, म्हणजे तिला वळण लावणाऱ्या ज्येष्ठ कलाकारासोबत, साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) तीन पेल्यांतून तीन-तीन घोट घेऊन नातं बांधलं जातं, आणि त्या बहिणीच्या नावातलं अक्षर धाकटीच्या नावात येतं. वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास गळपट्टी लालची पांढरी होते आणि ती गेइको होते.

या सगळ्या काळात पगार नसतो, हातखर्चाला पैसे मिळतात. राहणं, जेवण, शिकवणी, लाखमोलाचे किमोनो, सगळा खर्च ओकिया उचलते, आणि त्या बदल्यात मुलगी पाच-सहा वर्षं बांधलेली असते. मायकोचे केस स्वतःचे असतात. ते साधारण आठवड्यातून एकदाच बांधतात, म्हणून मोडू नयेत यासाठी उंच उशीवर मान टेकवून झोपावं लागतं. सततच्या ताणाने टाळूवरचे केस विरळ होतात. गेइको झाली की टोप वापरता येतो. 2022 साली एका माजी मायकोने अल्पवयात दारू प्यावी लागल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि या पद्धतीवर जपानात मोठी चर्चा झाली. नुसत्या सौंदर्याचं कौतुक करताना ही बाजू झाकू नये, असं आम्हाला वाटतं.

नृत्याची शैली क्योतोतल्या गेइकोंच्या वस्तीवर ठरते. गिओन कोबू या वस्तीत फक्त इनोउए हे नृत्यघराणं चालतं. त्यावर नो या जुन्या जपानी मुखवटानाट्याची छाप आहे. हालचाल अगदी थोडी आणि घट्ट.

प्रश्न : गेइशा म्हणजे वेश्याच ना? आपल्याकडच्या कलावंतिणींशी त्यांची तुलना करता येईल का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. सुरुवातीचे गेइशा तर पुरुष होते, मैफलीत गाणारे आणि हसवणारे. अठराव्या शतकाच्या मध्याला स्त्रिया आल्या. 1779 मध्ये योशिवारात गेइशांची वेगळी नोंदणी कचेरी निघाली, आणि गणिकांची गिऱ्हाइकं त्यांनी घेऊ नयेत असा दंडकच होता. पण इतिहास धुऊन काढायचा नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी गरीब घरच्या मुली कर्जापायी विकल्या जात, आणि खर्च उचलणाऱ्या धनिकाशी शरीरसंबंधही अनेकींच्या वाट्याला येई. 1956 च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यानंतर चित्र बदललं. परदेशातला गैरसमज मुख्यतः 1945 नंतरचा. अमेरिकन सैनिक रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला 'गेइशा गर्ल' म्हणत. 'मेमॉयर्स ऑफ अ गेइशा' या 1997 च्या कादंबरीने त्यात भर घातली. लेखकाला माहिती देणाऱ्या निवृत्त गेइको मिनेको इवासाकी यांनी 2001 मध्ये दावा लावला आणि 2003 मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला.

तुलना एका मर्यादेपर्यंतच टिकते. गोव्यातल्या कलावंत घराण्यांतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या. गाण्याचा अधिकार असूनही समाजाने त्या बायकांकडे वाकड्या नजरेने पाहिलं, हे दोन्हीकडे सारखंच. पण आपल्याकडे तो जन्माने आणि देवस्थानाशी बांधलेला धर्म होता. गेइशाचं नातं देवळाशी नाही आणि आज ती स्वतः ठरवून येते.

प्रश्न : क्योतोला जाणार आहोत. मायको बघायला मिळेल? — एक कुटुंब, मडगाव

उत्तर : चहाघरात ओळखीशिवाय सहसा प्रवेश नसतो. बिल नंतर जुन्या गिऱ्हाइकाच्या नावावर जातं आणि नव्याची जबाबदारी त्याच्यावर येते. त्यापेक्षा एप्रिलमध्ये मियाको ओदोरी बघा. 1872 पासूनचा हा नृत्यप्रयोग साधारण तासाभराचा असतो. मेमध्ये पोंतोचो या वस्तीची कामोगावा ओदोरी असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला गिओन हिगाशी या वस्तीचा प्रयोग.

भर दुपारी रस्त्यात पोज देणारी मायको बहुधा भाड्याच्या पोशाखातली पर्यटक असते. खरी मायको दिवसा रंग न लावता शिकवणीला जाते आणि संध्याकाळी झपझप चालत कामाला निघते. तिला थांबवू नका, बाहीला हात लावू नका. गिओनच्या खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना मज्जाव आहे आणि दंड दहा हजार येनचा. हानामिकोजी हा मुख्य रस्ता मात्र खुला आहे.