कॅनडाचा जुना नकार ब्रिटनच्या अर्जात लपवावा का?

प्रश्न : मी आणि माझे पती पहिल्यांदाच युरोपला निघालो आहोत. लंडनला ४ रात्री, पॅरिसला ३, मग स्वित्झर्लंडमध्ये ५ आणि झुरिकहून परत. ४ वर्षांपूर्वी पतींना कॅनडाने व्हिसा नाकारला होता. एजंट म्हणतो, पासपोर्टवर शिक्का नाही, तेव्हा सरळ 'नाही' लिहा. शिवाय लंडननंतर आधी पॅरिसला जाणार म्हणून अर्ज फ्रान्सकडेच करायचा, असंही सांगतो. फॉर्म भरून तयार आहेत. काय करावं?

उत्तर : फॉर्म अजून पाठवलेले नाहीत, हे फार बरं झालं. ते आहेत तसे पाठवू नका.

ब्रिटनच्या अर्जात प्रश्न स्पष्ट आहे : कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का? तुमच्या पतींचं खरं उत्तर 'हो' आहे. जुना नकार हे काही नव्या अर्जाला नकार देण्याचं कारण नसतं. खोटं उत्तर मात्र असतं, आणि फसवणूक केल्याचं ठरलं तर ब्रिटन पुढची १० वर्षं अर्ज नाकारू शकतं. 'कळणार कसं' म्हणाल, तर ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश अर्जदारांच्या बोटांचे ठसे एकमेकांकडे पडताळून पाहतात. शिक्का नसल्याने काहीच लपत नाही.

एजंटने फॉर्म भरला तरी खाली 'माहिती खरी आहे' ही हमी अर्जदाराचीच असते. 'मला माहीत नव्हतं, त्यांनी लिहिलं' हे म्हणणं अशा वेळी सहसा टिकत नाही, आणि इथे तर तुम्हाला माहीत आहे. असा सल्ला देणाऱ्याच्या हाती मी स्वतःचा पासपोर्ट दिला नसता.

'हो' लिहिल्यावर तपशिलाची जागा येते. तिथे देश, महिना-वर्ष, व्हिसाचा प्रकार आणि नकारपत्रातलं कारण लिहा. मुदत संपल्यावर परत जाल याची खात्री वाटत नाही, हे कॅनडाच्या नकारपत्रात नेहमी आढळणारं कारण. तेच असेल तर तेव्हापासून काय बदललं ते दोन ओळींत सांगा : नोकरीतली वर्षं, मंजूर झालेली रजा, घरची जबाबदारी. कॅनडाचा निर्णय चुकीचा होता, असा वाद तिथे घालू नका. मूळ पत्र ईमेलमध्ये शोधा आणि प्रत जोडा. तुमचा स्वतःचा अर्ज वेगळा आहे. तुम्हाला कधी नकार मिळाला नसेल, तर तुमचं उत्तर 'नाही'च राहील.

आता फ्रान्सचं. ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही, शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, वेगळा काढावा लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, म्हणून दोन्ही देशांना मिळून एकच व्हिसा पुरतो. अर्ज करायचा तो जिथे मुक्काम सर्वात जास्त, त्या देशाकडे. तुमच्या बाबतीत तो स्वित्झर्लंड. पहिल्या प्रवेशाचा देश बघतात तो मुक्काम सारखे असतील तेव्हा. एजंटला नियम अर्धाच ठाऊक आहे. फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून पॅरिसच्या रात्री कागदावर वाढवायला तो सांगेल, तर तेही करू नका.

पासपोर्ट उघडून तीन गोष्टी बघा : तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

वेळेचं गणित नीट बसवा, कारण एका अर्जात पासपोर्ट अडकला की दुसरा अर्ज खोळंबतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा ३ महिने आधीपासून. म्हणून शेंगेन आधी उरका. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. दोन्ही व्हिसे हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका.

आजच एजंटकडून दोन्ही अर्जांच्या पीडीएफ मागवा आणि प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. तो द्यायला टाळाटाळ करू लागला तर पासपोर्ट परत घ्या. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरता येतात, त्यासाठी एजंट लागतोच असं नाही.