दोनदा सोडली, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. इच्छाशक्तीच नाही का?

तुमच्या भावाने दोनदा दारू बंद केली, हात थरथरायला लागले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, असं तुम्ही लिहिलंय. मी सात वर्षांपूर्वी सोडली. त्याआधी चारदा ‘सोडली’ होती, तीनदा घरच्या घरी आणि एकदा भरती होऊन, त्यामुळे हा तिसरा दिवस माझ्या चांगला ओळखीचा आहे. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावून बोटांवर कोरा कागद ठेवला होता. मला वाटत होतं हात स्थिर आहेत. कागद नुसता फडफडत होता.

हा कमकुवत मनाचा प्रकार नाही. दारू मेंदूला मंद करते. रोज पोटात जायला लागली की मेंदू तोल राखायला स्वतःला चढ्या वेगावर ठेवतो. ती अचानक थांबली, की वेग तेवढा उरतो. थरथर आणि घाम काही तासांतच सुरू होतात, आकडी बहुधा पहिल्या 48 तासांत येते, आणि दोन ते चार दिवसांत भास, भ्रमिष्टपणा. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून ‘आजपासून थेंब नाही’ अशी शपथ त्याला घालू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. आकडी आली किंवा भास व्हायला लागले तर तडक इस्पितळात. मेंदू शांत करणाऱ्या डायझेपामसारख्या गोळ्यांचा डोस हळूहळू कमी करत आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हा काळ साधारण आठवडाभरात निभावतो.

मी चौथ्यांदा फसलो तो इथे. अंगातली दारू गेली, सगळे म्हणाले ‘सुटली’, मीही मान डोलावली. महिन्याभरात परत सुरू. खरा उपचार त्यानंतरचा: ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्झोन (ते यकृत तपासूनच देतात) आणि समुपदेशन. तिथे मला कळलं की माझी तलफ दुःखाच्या दिवशी नाही, पगाराच्या दिवशी उसळते. त्या दिवशी कार्ड बायकोकडे, एवढा साधा उपाय वर्षानुवर्षं सुचला नव्हता.

कुणी डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध गुपचूप जेवणात मिसळायला सांगेल. अजिबात नको. त्यावर दारू प्यायली तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, आणि त्याला बिचाऱ्याला कारणही माहीत नाही.

पहिल्या भेटीला सोबत जा. तो प्रमाण कमी सांगेल. मी निम्मं सांगितलं होतं. रोज किती आणि शेवटची कधी, हे तुम्ही खरं सांगा, गोळीचा डोस त्यावरच ठरतो.