मोहोळाची डाक : राणी जिवंत, तरी पेटी रिकामी का?

शिमगा जवळ आला की माझ्याकडे दोन तऱ्हेची पत्रं येतात. एक, ‘आमच्या गॅलरीला पोळं लागलंय, काय करू?’ आणि दुसरं, ‘आमच्या पेटीतल्या माश्या गेल्या, काय करू?’ पहिल्यांना माश्या नको आहेत, दुसऱ्यांना हव्या आहेत. दोघांची गाठ घालून द्यायला मला आवडलं असतं, पण शहरातल्या इमारतींना लटकते ती आग्या, आणि आग्या पेटीत राहत नाही. तेव्हा दोघांनाही वेगवेगळं उत्तर देणं आलं.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी डाळिंबाची बाग आहे. बहार धरला की मधपेट्या भाड्याने आणतो. यंदा पेट्या ठेवल्या आणि शेजारच्या रानात फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी पेट्यांपुढे माश्यांचा सडा. पेटीवाला म्हणाला, राणी जिवंत आहे, आत पिल्लं आहेत, सावरेल. महिन्याभरात पेट्या जवळजवळ रिकाम्या झाल्या. राणी असताना असं कसं झालं?
— एक बागायतदार, सांगोला

उत्तर : दादा, पेटीवाला खोटं बोलला नाही, त्याने हिशेब अर्ध्यावर सोडला. आपण पुरा मांडू. भाड्याच्या पेट्या बहुतेक मेलिफेराच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या मधमाशीच्या असतात, म्हणून आकडे तिचेच घेते.

राणी एका घरात एक अंडं घालते. तीन दिवस ते अंडंच राहतं, मग अळी निघते. साधारण सहा दिवस दाई माश्या तिला भरवतात. सुरुवातीचे तीनेक दिवस सगळ्या अळ्यांना राजान्नासारखं पातळ, पांढरं खाणं मिळतं. पुढे कामकरी होणाऱ्या अळीच्या वाट्याला मध आणि पराग येतो, राणी होणारीला मात्र शेवटपर्यंत राजान्नच. मग घरावर मेणाचं झाकण बसतं, आत कोश होतो, आणि अंडं घातल्यापासून २१ दिवसांनी कामकरी माशी झाकण कुरतडून बाहेर येते. राणीला १६ दिवस पुरतात, नराला २४ लागतात. आमच्या सातेरीची, म्हणजे पेटीत राहणाऱ्या देशी माशीची, कामकरी एक-दोन दिवस आधीच निघते.

बाहेर आली म्हणजे ती लगेच फुलांवर गेली, असं नाही. आधी जिथून निघाली तसलीच घरं साफ करते. मग दाई होऊन अळ्या भरवते. पुढे पोटाखालून मेण सुटायला लागलं की पोळं बांधते, बाहेरून आलेला मकरंद उतरवून घेते, दारावर पहारा देते. शिवारात पाऊल पडतं ते जन्मल्यावर तीनेक आठवड्यांनी, आणि तिथे ती जेमतेम दोन-तीन आठवडे जगते. म्हणजे आज घातलेल्या अंड्यापासून तुमच्या डाळिंबावर बसणारी माशी मिळायला सहा आठवडे हवेत.

आता फवारणीकडे या. तिने मारल्या त्या शिवारात फिरणाऱ्या, सगळ्यांत वयस्क माश्या. घरात येणारा मकरंद आणि पराग थांबला, म्हणून कोवळ्या दाया वयाआधीच बाहेर पडल्या. अशा माश्या कमी आणतात आणि लवकर मरतात. इकडे अळ्यांना भरवायला कुणी नाही. पिल्लांची चौकट ३४-३५ अंशांवर राखायलाही अंगं लागतात, ती कमी पडली. खाणं आटलं की राणी अंडी घालणं कमी करते. शिवाय मेलेल्या माश्यांनी जाण्याआधी आणून ठेवलेला पराग आत होताच, त्यातलं विष उरल्यासुरल्या अळ्यांच्या पोटात गेलं. पहिल्या दिवशी दिसली ती दारातली मर. खरा खड्डा तीन-चार आठवड्यांनी पडला, कारण त्या वेळी जन्मायच्या होत्या त्या माश्या तयारच झाल्या नाहीत.

‘संध्याकाळी फवारा’ हा सल्ला सगळे देतात, मीही देते. माश्या घरी परतल्यावर फवारलं तर अंगावर थेंब पडून मरणाऱ्या वाचतात. पण इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही औषधं आंतरप्रवाही आहेत. ती झाडाच्या रसात शिरतात आणि फुलाच्या मकरंदात, परागात उतरतात. तिथे संध्याकाळ आणि सकाळ एकच. युरोपीय संघाने २०१८ साली ही दोन आणि क्लोथियानिडिन उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. आपल्याकडे ती कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. फुलोऱ्यात ती वापरायची नाहीत, एवढं तरी शेजाऱ्याशी बसून ठरवा. एकाच टाकीत बुरशीनाशक आणि कीटकनाशक मिसळायची सवयही सोडायला सांगा, काही जोड्या एकमेकींचं विष वाढवतात.

फवारणी टळणार नसेल तर आदल्या रात्री दारं बंद करून पेट्या हलवा, पण तीन किलोमीटरच्या पलीकडे. जवळ ठेवल्या तर जुन्या माश्या ओळखीच्या जागेवर परत येतात आणि रिकाम्या स्टँडवर घिरट्या घालत बसतात. आणि पुढच्या वर्षी भाडं ठरवतानाच फवारणीचं काय, नुकसान कोणाचं, हे कागदावर घ्या. पेटीवाला नाराज होणार नाही, उलट चहा पाजेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सातव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागलं आहे. सभासद घाबरले आहेत. पेस्ट कंट्रोलवाला रात्रीत काम करून देतो म्हणतो. परवानगी द्यावी का?
— सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : देऊ नका. दयेचं कारण बाजूला ठेवते, व्यवहाराचंच सांगते. फवारलं की हजारो माश्या खालच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांत पडतील, अर्धमेल्या माशीवर पाय पडला तरी डंख बसतो. पोळ्यातला विषारी मध भिंतीवरून ओघळेल, त्याला मुंग्या लागतील, आणि कुणाचं तरी पोर बोट लावून चाखेल. एवढं करून पुढच्या हंगामात त्याच सज्जाखाली नवं मोहोळ येण्याची शक्यता आहेच.

आग्या बारमाही बिऱ्हाड करत नाही. पाऊस ओसरला की येते, फुलोरा संपत आला, पाऊस जवळ आला की उठून जाते. काही मोहोळं मोठा प्रवास करून पुढच्या वर्षी जुन्याच जागेवर परततात, ही नोंदलेली गोष्ट आहे. तुमचा प्रश्न दोन-तीन महिन्यांचा आहे. तोवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावा. रात्री तिकडचे दिवे बंद ठेवा, आग्या चांदण्यातही हिंडते आणि दिव्यावर येते. काचा पुसणाऱ्यांना आणि रंगाऱ्यांना आधी कळवा. गच्चीत फटाके, धूर, ड्रोन काही नको. पोळ्यावर अधूनमधून चमकती लाट पसरताना दिसते, ती गांधीलमाशीला घाबरवण्यासाठी असते. लाट दिसली की मोबाइल घेऊन जवळ जाणाऱ्यांना तेवढं आवरा.

अंगावर आल्याच तर तोंड झाकून सरळ बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. हात झाडायचे नाहीत. एक डंख बसला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावणं असतो, म्हणून त्या जागेवर थांबायचं नाही. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर वाट बघतात. काटा नखाने लगेच खरवडून काढा. डंख खूप असतील किंवा धाप लागली तर घरचे उपाय करत न बसता थेट दवाखाना.

मोहोळ उठून गेलं की रिकामं पोळं आणि मेणाचा डाग खरवडून धुऊन टाका, आणि सज्जाखाली जाळी ताणा. खर्च करायचाच तर त्यावर करा.

प्रश्न : नरमाशी काम करत नाही, तिला डंख पण नसतो. मग मधमाश्या तिला का ठेवतात?
— इयत्ता सहावीतली एक वाचक, वाई

उत्तर : बाळ, राणी तरुण असताना उडून जाते आणि उंच हवेत बऱ्याच नरांशी तिचं मीलन होतं. ते नर तिथेच मरतात. त्यांचं बीज ती पोटात साठवून ठेवते आणि जन्मभर, म्हणजे दोन-तीन वर्षं, तेच वापरते. जे अंडं ती बीज न लावता घालते, त्याचा नर होतो. म्हणजे नराला बाप नसतो, पण आईचे वडील असतात. वर्गात हे कोडं घालून बघ. सातेरीच्या नराच्या घराचं झाकण टोपीसारखं फुगीर असतं आणि मधोमध बारीक भोक असतं, त्यावरून आम्ही नर ओळखतो. दुष्काळ पडला की कामकरी त्यांना दाराबाहेर काढतात. तेव्हा ठेवतात ते गरजेपुरतंच.

प्रश्न : माझ्याकडे सातेरीच्या पेट्या आहेत. एका पेटीत अळ्या कोश न होताच मेल्यात. ताठ, डोकं वर, आणि चिमट्याने उचलल्या तर पाण्याच्या पिशवीसारख्या लोंबतात. कुठलं औषध घालू?
— मधपाळ, पोलादपूर

उत्तर : हे थायसॅकब्रूडचं लक्षण दिसतंय. विषाणू आहे, औषध नाही. कुणी अँटिबायोटिक साखरेच्या पाकातून द्यायला सांगितलं तर ऐकू नका, विषाणूला काही होत नाही आणि औषध मधात उतरतं. १९९१ च्या सुमारास हा रोग दक्षिणेत पसरला आणि केरळातली सातेरीची बहुतेक पाळलेली मोहोळं त्यात गेली. जी थोडी तगली, त्यांच्यातूनच तिथल्या लोकांनी पुन्हा पेट्या भरल्या. जगली तीच मोहोळं वाढवायची, हा त्यातला कामाचा धडा आहे. मध कमी देते म्हणून तगडी पेटी विकू नका.

सध्या हे करा. त्या पेटीतली चौकट, चिमटा, धुराडं दुसऱ्या पेटीला लावू नका. रोगट पिल्लांच्या चौकटी काढून जाळा. राणीला दोनेक आठवडे पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे नवी अळीच नसेल आणि विषाणूला पुढची पायरी मिळणार नाही. दुबळी पेटी मोठ्या घरात ठेवू नका, चौकटी कमी करा, नाहीतर मोकळ्या पोळ्यात मेणकिडा शिरतो आणि मग सगळे दोष त्याच्या माथी मारले जातात. मेणकिडा येतो तो घर आधीच खचलेलं असतं म्हणून.

आणि पावसाळ्यात खायला घातलं होतं का? आपल्या घाटात जूनपासून माशीला बाहेर पडायला उघडीप मिळत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, फुलं असली तरी मकरंद धुऊन जातो. उन्हाळ्यात जांभूळ-हिरड्याचा मध शेवटच्या थेंबापर्यंत काढायचा आणि पावसात साखरेचा पाक घालायचा कंटाळा करायचा, हे माझ्या डोक्यात जातं. उपाशी मोहोळालाच रोग आधी लागतो. सात-आठ वर्षांनी कारवी फुलते त्या वर्षी भाद्रपदातच चंगळ होते, पण दर वर्षी काही कारवी फुलत नाही.

जाता जाता, पत्रात तुम्ही व्हरोआचं, म्हणजे माशीच्या अंगाला चिकटणाऱ्या गोचिडासारख्या किड्याचंही भय लिहिलंय. तो सातेरीवर पूर्वीपासून आहे. सातेरी त्याला अंगावरून ओढून काढते, आणि तो वाढतो तो बहुतेक नरांच्या घरांतच. मेलिफेराशी त्याची गाठ अलीकडे, विसाव्या शतकात पडली, म्हणून ती त्याच्यापुढे हतबल होते. तुमच्या पेटीत त्याची काळजी शेवटी करा.

प्रश्न : मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाले होते. खरं आहे का?
— निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर

उत्तर : ते असं कुठे म्हणाल्याचा पुरावा नाही. गहू, ज्वारी, तांदूळ यांना परागासाठी माशी लागत नाही, भाकरी-भात राहील. पण कांद्याचं बी बघा. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतं, म्हणून दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावाच लागतो. डेंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या दांड्यांवर, माश्या नसतील तर बी भरत नाही. ताटात काय कमी होईल, हे त्यावरून बघा.

प्रश्न : नोकरी सोडून मधपालन करावं म्हणतो. एक पेटी घेऊन सुरुवात करू का?
— एक तरुण, भोर

उत्तर : नोकरी इतक्यात सोडू नका. आधी प्रशिक्षण घ्या. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. एकदा मांघरला जाऊन या, २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं ते गाव महाबळेश्वरजवळच आहे. तिथल्या माणसांना मधाचा भाव विचारू नका, पावसाळ्यात काय करता ते विचारा.

आणि पेटी एक नको, दोन घ्या. एकीची राणी मेली तर कामकरी माश्या कोवळ्या अळीपासून नवी राणी करू शकतात, पण ती अळी तीन दिवसांच्या आतली हवी. ती त्या पेटीत नसेल तर दुसऱ्या पेटीतली अंडी-अळ्यांची चौकट उचलून द्यायची. एकच पेटी असली तर काही आठवड्यांत कामकरीच अंडी घालू लागतात, त्यातून नुसते नर निघतात, आणि मग ते मोहोळ सावरणं फार अवघड जातं. पेट्यांच्या स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर तुमच्याआधी मुंगळे मध काढतील.