आजी-आजोबा आणि मुलांसह पहिली क्रूझ: कोणती कंपनी निवडावी?

आपण विचारले आहे की नाशिकहून सहा जणांचे आपले कुटुंब डिसेंबरच्या सुट्टीत पहिल्यांदाच क्रूझला जाणार आहे, त्यात 4 वर्षांची मुलगी, 13 वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले, कांदा-लसूण न खाणारे आई-वडील आहेत, सर्वांचे पासपोर्ट तयार आहेत, तर कॉर्डेलिया, रॉयल कॅरिबियन, जेंटिंग ड्रीम, डिस्ने आणि एमएससी यांपैकी कुटुंबासाठी सर्वांत चांगली कंपनी कोणती. आम्ही घरातल्या तीन पिढ्या मिळून वेगवेगळ्या जहाजांवर गेलो आहोत, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वडील व्यक्तीचा दिवस ज्या जहाजावर चांगला जाईल, ते जहाज सगळ्या कुटुंबाला मानवते. मधल्या वयाची माणसे कुठेही रमतात. म्हणून आधी आपल्या मुलीचा आणि आई-वडिलांचा विचार करतो, आणि मग कंपन्यांकडे वळतो.

चार वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने किड्स क्लब ही सर्वांत महत्त्वाची सोय आहे. रॉयल कॅरिबियन, एमएससी, डिस्ने या सर्वांकडे 3 वर्षांपासूनच्या मुलांसाठी देखरेखीखालील क्लब असतो आणि दिवसभराच्या नेहमीच्या वेळेत त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र बहुधा मूल डायपरविना राहणारे असावे लागते. त्याहून लहान मूल बरोबर असेल तर प्रश्न आणखी बारकाईने पाहावा लागतो, कारण रॉयल कॅरिबियनमध्ये 6 महिन्यांखालील बाळाला प्रवासच करता येत नाही, आणि पोहण्याचा डायपर घातलेला असला तरी मुख्य पोहण्याच्या तलावात सोडत नाहीत. आपली मुलगी या अटींच्या पुढे गेली आहे. तिच्या बाबतीत खरा प्रश्न भाषेचा आहे. परदेशी जहाजांवरील क्लबमध्ये कारभार मुख्यतः इंग्रजीत चालतो, आणि घरात फक्त मराठी बोलणारे मूल पहिल्या दिवशी बावरून आईचा हात सोडत नाही, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. कॉर्डेलियावर कर्मचाऱ्यांशी हिंदीत बोलता येते, त्यामुळे हा अडसर कमी होतो. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत भारतीय मुले इतकी असतात की दुसऱ्या दिवशी मुलांची आपसांत गट्टी जमलेली असते. पहिल्या संध्याकाळी क्लबची नोंदणी करताना मुलीला बरोबर न्यावे, तिथल्या ताईंशी ओळख करून द्यावी आणि तिला परत घ्यायला कोण कोण येऊ शकते त्यांत आजी-आजोबांचीही नावे लिहावीत, कारण नोंदलेल्या माणसाशिवाय इतर कोणाच्या हाती मूल देत नाहीत.

आई-वडिलांसाठी दोन गोष्टी पाहाव्यात, चालणे आणि जेवण. कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे 1990 साली बांधलेले जहाज सुमारे 211 मीटर लांब आहे, तर रॉयल कॅरिबियनने सिंगापूरला आणलेली क्वांटम वर्गातील ‘स्पेक्ट्रम’ आणि ‘अँथम’सारखी जहाजे जवळजवळ 348 मीटर लांब आहेत. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण केबिन एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला असेल तर दिवसातून चार-पाच वेळा ते अंतर चालताना गुडघे बोलू लागतात. म्हणून मोठे जहाज घेतले तर आई-वडिलांची केबिन लिफ्टजवळ आणि जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांपैकी एकावर मागावी. तिथे हेलकावाही कमी जाणवतो, आणि ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी तर हाच पहिला उपाय आहे.

चालण्यातच आणखी एक गोष्ट येते, जी माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेली नसते. सगळ्याच ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. लक्षद्वीपमधील अगत्तीला मोठे जहाज समुद्रातच थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. आम्ही गेलो तेव्हा माझ्या सासूबाई जहाजाच्या दाराशी उभ्या राहून समोरची बोट हातभर वर येताना आणि पुन्हा खाली जाताना पाहत होत्या. दोन खलाशांनी त्यांना दोन्ही दंडांना धरले, लाट बोटीला वर उचलेपर्यंत थांबायला सांगितले आणि नेमक्या त्या क्षणी ‘आता’ म्हणून पलीकडे घेतले. सगळे दोन-तीन सेकंदांत झाले आणि अत्यंत काळजीने झाले, पण ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना तोल सांभाळणे कठीण जाते त्यांना हे जमेलच असे नाही, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणेच रद्द होते. अगत्तीची खाडी मात्र इतकी नितळ आणि उथळ आहे की त्या बोटीतून उतरता येणाऱ्या कोणीही ती चुकवू नये. तेव्हा मार्ग निवडताना प्रत्येक बंदराबाबत जहाज धक्क्याला लागते की लहान बोटीने जावे लागते, हे विचारूनच ठेवावे.

जेवणाच्या बाबतीत आपले आई-वडील कांदा-लसूण खात नाहीत हे निवडीतील सर्वांत निर्णायक कलम आहे, असे मला वाटते. शाकाहारी पदार्थ आता सगळीकडे मिळतात, पण जैन पद्धतीचे जेवण रोज, दोन्ही वेळा आणि न मागता मिळणे वेगळे. कॉर्डेलियावर जैन जेवणाची स्वतंत्र सोय आहे, आणि रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसने 2022 मध्ये सिंगापूरहून सुरू केलेल्या ‘जेंटिंग ड्रीम’वरही भारतीय शाकाहारी व जैन जेवण मिळते, कारण त्यांच्या प्रवाशांत भारतीयांचा वाटा मोठा आहे. रॉयल कॅरिबियनमध्ये पद्धत अशी की आरक्षणाच्या वेळीच आहाराची नोंद करावी आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य जेवणगृहातील प्रमुख वेटरला भेटून उद्याचे सांगून ठेवावे. आमच्याकडे अशा रीतीने दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी आणि पोळी वेळेवर टेबलावर आली, पण सकाळी बुफेमध्ये आजोबांना काय चालेल आणि काय नाही हे शोधत फिरावे लागलेच. युरोपातील एमएससीच्या फेऱ्यांमध्ये शाकाहारी पास्ता, पिझ्झा, सॅलड यांची ददात नसते, परंतु सात दिवस त्यावर काढणे आपल्या आई-वडिलांना आवडेल का, याचा निर्णय आपणच घ्यावा. घरून बंद पाकिटातला खाकरा, चिवडा, लाडू न्यायला बहुतेक कंपन्या हरकत घेत नाहीत. घरी शिजवलेले ओले पदार्थ, इलेक्ट्रिक किटली आणि राइस कुकर मात्र नेऊ देत नाहीत, हे आईंना आधीच सांगून ठेवावे.

आता तेरा वर्षांच्या मुलाकडे येतो. त्याच्यासाठी रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातील जहाजे या यादीत सर्वांत सरस आहेत, यात मला शंका नाही. समुद्रापासून सुमारे 90 मीटर उंच नेणारी नॉर्थ स्टार ही काचेची कुपी, हवेत तरंगण्याचा अनुभव देणारे यंत्र, बंपर कार आणि कृत्रिम लाटेवर सर्फिंग करण्याचा फ्लोरायडर या गोष्टी एकाच जहाजावर मिळतात. उंचीच्या अटी तेवढ्या पाहून ठेवाव्यात. फ्लोरायडरवर झोपून सर्फिंग करायला 132 सेंटिमीटर आणि उभे राहून करायला 147 सेंटिमीटर उंची लागते, तर नॉर्थ स्टारसाठी 107 सेंटिमीटर लागते, म्हणजे आपल्या धाकट्या मुलीला कदाचित त्यात जाता येणार नाही. जेंटिंग ड्रीमवरही पाण्याच्या घसरगुंड्या, दोरांवरचा साहसमार्ग आणि झिपलाइन आहे. कॉर्डेलियावर चढाईची भिंत आणि पोहण्याचा तलाव आहे, पण जहाज लहान असल्याने तेरा वर्षांच्या मुलाचे दोन दिवसांत सगळे पाहून होते.

डिस्नेबद्दल थोडक्यात सांगतो. सिंगापूरहून निघणारे ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ हे मोठे जहाज 3 आणि 4 रात्रींच्या फेऱ्यांसाठी आहे, त्या फेऱ्यांत कोणतेही बंदर घेत नाहीत आणि जहाज हेच सहलीचे ठिकाण मानलेले आहे. डिस्नेच्या जहाजांवर कॅसिनो नसतो, ही कुटुंबांना आवडणारी गोष्ट आहे. घरात 4 ते 9 वयाची दोन-तीन मुले असतील आणि त्यांना त्या पात्रांचे वेड असेल, तर जास्त भाडे सार्थकी लागते. आपल्या घरात तसे एकच मूल आहे, आणि आजी-आजोबांना एखादे शहर किंवा मंदिरही पाहायला आवडेल, म्हणून मी हा पर्याय मागे ठेवतो.

एमएससीचा मोठा गुण म्हणजे बऱ्याच फेऱ्यांत दोन मोठ्यांबरोबर एकाच केबिनमध्ये राहणाऱ्या मुलांचे भाडे माफ असते आणि फक्त बंदर शुल्क व कर भरावे लागतात. जेनोवा, मार्सेय, बार्सिलोना, नेपल्स अशी शहरे सामान न हलवता पाहता येतात, आणि युरोप पाहण्याचा यापेक्षा सोपा मार्ग वडीलधाऱ्यांसाठी मला तरी माहीत नाही. परंतु डिसेंबरात भूमध्य समुद्र थंड आणि बऱ्याचदा खवळलेला असतो. ही सहल मे महिन्यासाठी राखून ठेवावी, आणि मार्गात तुर्कस्तानसारखा शेंगेन क्षेत्राबाहेरचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरचा) देश असेल तर पुन्हा आत येता येईल असा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा. हीच काळजी सिंगापूरहून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परतणाऱ्या फेऱ्यांसाठीही घ्यावी.

खर्चाची तुलना करताना जाहिरातीतील ‘पासून’ हा आकडा बाजूला ठेवावा, कारण तो दोन जणांच्या आतल्या, खिडकी नसलेल्या केबिनचा, माणशी आणि करांशिवायचा असतो. त्यात बंदर शुल्क, कर्मचाऱ्यांची रोजची ग्रॅच्युइटी (बक्षिसी), वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली, विमान आणि आदल्या रात्रीचे हॉटेल धरावे. नुसत्या ग्रॅच्युइटीचेच पाहा: दरमाणशी दररोज 18 डॉलर धरले तर सहा जणांचे चार रात्रींचे 432 डॉलर होतात, आणि अनेक कंपन्या ती मुलांकडूनही घेतात. परदेशी सहलीचे पॅकेज एजंटकडून घेतले की त्यावर टीसीएसही (पैसे भरतानाच वसूल होणारा आयकर) कापला जातो. तो विवरणपत्र भरताना समायोजित होतो, पण आज खिशातून जातोच. उलट एका केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाला भाडे कमी पडते, म्हणून आपण चौघांनी एक केबिन आणि आई-वडिलांनी शेजारची, शक्य झाल्यास मधल्या दाराने जोडलेली केबिन घेणे सोयीचे आणि स्वस्तही पडेल. अशा जोडलेल्या केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात, तेव्हा दिवाळीनंतर शोधायला निघालात तर मिळणे अवघड आहे.

आणखी एक निरीक्षण सांगतो. शुक्रवार ते रविवार अशा दोन रात्रींच्या फेऱ्या, मग त्या मुंबईहून असोत वा सिंगापूरहून, मित्रमंडळींच्या गटांनी भरलेल्या असतात. त्यांची मजा त्यांना लखलाभ, पण आजोबांना रात्री बाराला संगीत आणि गलका नको असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी सुटणारी फेरी घ्यावी.

आपल्या कुटुंबासाठी माझी पहिली पसंती सिंगापूरहून निघणाऱ्या जेंटिंग ड्रीमच्या 3 रात्रींच्या, आठवड्यातील मधल्या दिवसांच्या फेरीला आहे. आई-वडिलांच्या जेवणाचा प्रश्न तिथे सुटतो, मुलाला पुरेसे खेळ मिळतात, मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेली असल्याने समुद्र शांत असतो, आणि आधी किंवा नंतर दोन दिवस सिंगापूर पाहता येते. आई-वडील रॉयल कॅरिबियनच्या पद्धतीने रोज सांगून जेवण घ्यायला तयार असतील, तर मुलासाठी मी त्या जहाजाला झुकते माप देईन. विमानप्रवासच त्यांना झेपणार नसेल, तर मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटणारी कॉर्डेलियाची लक्षद्वीपची फेरी घ्यावी. डिसेंबरात अरबी समुद्र बहुधा शांत असतो, नाशिकहून गाडीने थेट धक्क्यापर्यंत पोहोचता येते, आणि अगत्तीला उतरायचे नसेल तर आई-वडिलांना त्या दिवशी जवळजवळ रिकामे जहाज मिळते. नुसती मुंबई-गोवा फेरी मी सुचवणार नाही, कारण समुद्राचा अनुभव जेमतेम सुरू होतो तोच ती संपते.

रॉयल कॅरिबियनचे सिंगापूरमधील जहाज हंगामानुसार बदलते, आणि एकाच कंपनीच्या दोन जहाजांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून एजंटला कंपनीचे नाव सांगून थांबू नये. जहाजाचे नाव, मजला, केबिनचा क्रमांक, जैन जेवणाची नोंद आणि प्रत्येक बंदरावर उतरण्याची पद्धत ईमेलवर लेखी मागावी आणि मगच आगाऊ रक्कम भरावी. प्रवास विमा काढताना आई-वडिलांचा रक्तदाब, मधुमेह असे जुने आजार त्यात नोंदवावेत, कारण जहाजावरील दवाखाना चांगला असला तरी त्याचे बिल डॉलरमध्ये येते. निघण्याच्या दिवशी मोठे सामान धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि ते केबिनच्या दाराशी बऱ्याचदा संध्याकाळी पोहोचते, तेव्हा औषधे, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि आजींची शाल हातातल्या पिशवीत ठेवावी.