विहिरीच्या पाण्याला वास येतोय, गाळून चालेल का?

प्रश्न : ताई, आमचं घर गुहागर तालुक्यात, परसात जुनी विहीर. यंदा वरच्या अंगाला शेजाऱ्यांनी होमस्टे बांधला आणि पहिल्या पावसापासून पाण्याला वास यायला लागला, पोरांना सारखे जुलाब. सासूबाई म्हणतात गाळून घे, काही होत नाही. खरंच चालेल का?

उत्तर : गाळून कचरा जाईल हो, जंतू नाही जाणार. तुमच्याकडे सगळा जांभा, म्हणजे भोकाभोकांचा दगड, चिरा हातात घेतला की दिसतंच, उन्हाळ्यात काही कळत नाही पण पाऊस पडून जमिनीतलं पाणी वर आलं की संडासच्या खड्ड्यातलं पाणी त्या भेगांतून उतारानं थेट विहिरीत. मला तरी पहिला संशय त्या खड्ड्याचाच येतोय. अंतर मोजा, निदान 15 मीटर हवं, जांभ्यात कधी कधी तेवढंही कमी पडतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून पाणी तपासून घ्या, तपासणीचं औषध असलेल्या छोट्या बाटलीत भरून ठेवतात, एक-दोन दिवसांत काळं झालं तर विष्ठेतले जंतू असणार असं धरून चाला. तोवर खळखळून उकळा, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला सांगा.

मैल्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट, म्हणजे एक क्षार, मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, तान्ह्यांना ते घातक, म्हणून घरात बाटलीवरचं तान्हं बाळ असेल तर लॅबमधून तपासाच.

आणि शेजाऱ्यांशी भांडायच्या आधी रिपोर्ट हातात असू दे, आमच्या वाडीत अशाच बोलाचालीवरून दोन घरं तीन वर्षं एकमेकांकडे गणपतीला गेली नाहीत, शेवटी निघालं काय तर ओरडणाऱ्याचाच पाइप फुटलेला.