झाडीपट्टीच्या नाटकात काम करून पोट भरतं का, की पुण्या-मुंबईलाच जावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावात राहता, बीए झालंय, कॉलेजात एकांकिका केल्यात आणि आता झाडीपट्टीच्या नाटकात उतरायचं मनात आहे. यावर आयुष्य निघतं का, की सरळ पुण्या-मुंबईला जावं, आणि घरच्यांना काय सांगावं, हे तुमचे प्रश्न. मी याच रंगभूमीवर काम करून संसार केला, लेकरं शिकवली. म्हणून मोकळेपणानं लिहिते.

पोट भरतं. पण बारा महिन्यांचं नाही भरत, आणि ही गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे.

आपली रंगभूमी धानावर चालते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, ही आपली झाडीपट्टी; जिथं जिथं धान आहे तिथं तिथं नाटक. भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, धान कापून मळून घरात येतं, विकलेल्या धानाचे चुकारे हातात पडतात आणि गावं नाटकाच्या तारखा धरतात. पुढं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. दिवसा पट, रात्री नाटक. नाटक असलं की घरोघरी पाहुणे येतात, सासरी गेलेल्या लेकी येतात, कित्येक सोयरिकी त्याच दोन दिवसांत जुळतात. होळीच्या आसपास सीझन उतरतो. या चार-साडेचार महिन्यांत जे कमवाल ते वर्षभर पुरवायचं.

म्हणून कुणी तुम्हाला नाईटचा, म्हणजे एका प्रयोगाच्या पैशाचा, आकडा सांगितला तर तो ऐकून हुरळून जाऊ नका. हिशेब असा करा: समजा नाईटला दीड हजार ठरले आणि सीझनमध्ये 60 नाईटा मिळाल्या, तर झाले 90,000. त्याला बाराने भागा. महिन्याचे साडेसात हजार. त्यातून नाटक मंडळांची ऑफिसं आहेत त्या वडसाला खोली केली तर भाडं, मेकअपचं सामान, साड्या, आजारपण. हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत. नव्या मुलीला कमी मिळतं, नाव झालेल्या नटीला याच्या कितीतरी पट. पण भागायचं सगळ्यांनाच बाराने.

आणि धानावर चालतं म्हणजे धानाचं दुखणं आपलंही. ऐन कापणीत अवकाळी आला की तारखा गळतात. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा पटाला जोडून होणाऱ्या नाटकांच्या पोटावरही पाय आला. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. मधल्या काळात कोरोना. त्या वर्षी चांगल्या चांगल्या नटांना मी रोजीनं जाताना पाहिलं आहे.

तरीही मी तुम्हाला या म्हणते. कारण एकच: इथं प्रेक्षक तिकीट काढून येतो. शहरात नाटकाला माणसं मिळत नाहीत म्हणून रडारड चालते. आपल्याकडं शेतकरी, मजूर, बाया, म्हातारेकोतारे थंडीत घोंगडी घेऊन हजारोंनी कनातीत येतात आणि पहाटेपर्यंत बसतात. काही गावांत अजूनही जमीन उतरती खणून बसायची जागा करतात, म्हणजे मागच्यालाही दिसावं. सरकारी अनुदानाची वाट न पाहता चालणारी अशी रंगभूमी फार नाही कुठं. याच मातीतल्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ते गडचिरोली जिल्ह्यातले, आयुष्यभर इथंच काम केलेले.

आता कामाबद्दल. एकांकिकेत तुम्ही महिनाभर तालीम करून एक प्रयोग केला असेल. इथं उलटं आहे. आज एक नाटक, उद्या दुसरं, परवा तिसरं; तालमी मोजक्याच. सारा भार प्रॉम्प्टरवर. तो विंगेत वही घेऊन बसतो आणि वाक्य पुरवतो. तुम्हाला कान विंगेकडं ठेवायचा, चेहरा मात्र समोरच्या नटाचं वाक्य ऐकतोय असाच हवा. प्रेक्षकाला कळता कामा नये की पुढचं वाक्य आत्ताच तुमच्या कानात पडलं. त्यात वरून माइक लोंबत असतात. वाक्य माइकखाली यायला हवं, म्हणजे कधी चालायचं, कधी थांबायचं, कुठं वळायचं हे माइक बघून ठरतं. शहरातून आलेल्या शिकलेल्या मुली पहिल्या पहिल्या नाइटला समोरच्या नटाकडं तोंड करून खऱ्यासारखं हळू बोलतात आणि मागून आरोळी येते, "आवाज!" तिथं घाबरायचं नसतं. एक पाऊल पुढं यायचं, पोटातून आवाज काढायचा आणि तेच वाक्य पुन्हा घ्यायचं.

आपल्या अभिनयाला लोक भडक म्हणतात. मला ते पटत नाही. रात्री दोन-अडीच वाजता, दिवसभर बांध्यांत राबलेल्या माणसाला जागं ठेवायचं असतं, तेही शेवटच्या रांगेतल्या. तिथं आईचं रडणं लांबवावंच लागतं. ते लांबवताना खोटं पडू द्यायचं नाही, ही कला आहे. पेटीवाला तुमचा श्वास ओळखून सूर धरतो, तबला थांबतो, आणि समोर बायांचे पदर डोळ्यांना जातात. हे ज्याला साधलं त्याला कुठल्याही रंगमंचावर उभं करा.

मुलगी म्हणून काही गोष्टी मात्र तारीख घेण्याआधीच बोलून घ्या, लाजू नका. कपडे बदलायला बायांची वेगळी खोली आहे का, संडासची सोय काय, प्रयोगानंतर पहाटे गाडी कुठवर सोडणार, गाडीत आणखी कोण बाया आहेत. फक्त भूमिका करणार की नाचही करावा लागेल, हेही आधीच. नाचून कमावणाऱ्या बायांबद्दल मला आदर आहे, त्यांचे कष्ट मी जवळून पाहिलेत. पण हल्ली लावणीसाठी नाटकाचे प्रवेश कापतात आणि पोस्टरवर नायिकेचा फोटो कोपऱ्यात जातो, याचं मनापासून वाईट वाटतं. तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवा, मालकानं ऐनवेळी ठरवू नये.

पैशाचं लिहून घ्या. एका सीझनला माझ्या शेवटच्या नाईटांचे पैसे एका मंडळानं बुडवले. लिहिलेलं काही नव्हतं, होळी झाली आणि कुणी फोन उचलेना. साध्या कागदावर नाईटचा दर, आगाऊ रक्कम, पाऊस आला तर काय, पोलीस परवानगी मिळाली नाही आणि प्रयोग रद्द झाला तर काय, एवढं आलं तरी पुरे. तुमच्या नावाची हँडबिलं, पोस्टर, पेपरातली कात्रणं पहिल्या वर्षापासून एका फाईलमध्ये ठेवा. वृद्ध कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आहे, 2024 पासून महिना 5,000 रुपये. त्यासाठी वयाची पन्नाशी तर लागतेच, शिवाय पंधरा वर्षं काम केल्याचे पुरावेही. आपले कितीतरी जुने नट कागद नाही म्हणून अर्ज हातात घेऊन नुसते फिरतात.

पुण्या-मुंबईचं म्हणाल तर, शिकायला जरूर जा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. पण ऑडिशनच्या रांगेत उभं राहण्यासाठी, अंगात काही कसब नसताना जाऊ नका. तिथलं भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं, तिथं होळीपर्यंत कुणी थांबत नाही. माझं मत विचाराल तर आधी इथं दोन सीझन काढा. आवाज तयार होतो, पाठांतर वाढतं, माणसांची भीती जाते. राज्य नाट्य स्पर्धाही करायची असेल तर तारखा बघून घ्या, कारण प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरपासून असते आणि ती आपल्या सीझनवरच येते.

उन्हाळा-पावसाळ्यासाठी दुसरं काम आत्ताच धरा. आमच्यातल्या कुणाची शेती आहे, कुणी शिलाई करतं, कुणी शाळांत गॅदरिंग बसवतं. तुम्ही बीए आहात, लिहिता येत असेल तर नाटक लिहा. झाडीबोलीतले संवाद सहज लिहिणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांची फार गरज आहे. फक्त नवीन संहिता राज्य सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, त्याला वेळ जातो, म्हणून पावसाळ्यातच लिहून संपवा.

घरच्यांना तोंडी समजावून काही होत नाही. आईला किंवा वडिलांना सोबत घ्या आणि दसऱ्याच्या आगेमागे वडसाला या. चंद्रपूर-गोंदिया गाडी तुमच्या ब्रह्मपुरीवरूनच येते. मंडळांची ऑफिसं तेव्हा उघडतात, तारखा लागत असतात. दोन-तीन ठिकाणी बसा, चहा घ्या, जिथं बाया आधीपासून वर्षानुवर्षं टिकून आहेत ते मंडळ निवडा, आणि त्या बायांशी तुमच्या आईला एकटीला बोलू द्या.